एका हाताने चालणारी खिडकी

मी अकोथच्या संगणकातली खिडकी बोलतेय. वाऱ्याची नव्हे, कामाची. दोघं मिळून एकच काम लिहितात, तेव्हा कोणी काय बदललं ते मी रंगीत रेघांनी दाखवते. बदल जपून ठेवला की रेघेवर एक ठिपका. रेघ फुटून दोन झाल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मला दिसतं सगळं, पण ओरडता येत नाही.

किसुमू शहरात, तळ्याकाठी, माडीवरच्या खोलीत आम्ही असतो. अकोथ आणि ओचोला दवाखान्याचं काम लिहितात. बाळाच्या लशीची तारीख आईच्या फोनवर पाठवायची. गेल्या खेपेला तारखा चुकल्या. आया लेकरं पाठीला बांधून लांबून आल्या नि तशाच परत गेल्या. अकोथनं ती चूक शोधून नीट केली. तिचा ठिपका हिरवा.

अकोथ मला एका हातानं चालवते. दुसऱ्या हातात आवीनो, तिची तान्ही. ओचोला मात्र काळ्या पडद्यावर हुकूम लिहितो, दोन्ही हातांनी, खडखड.

"काय आवीनोची आई, आज कुठली चित्रं रंगवताय?"

"तुम्ही लिहा हो भाऊ तुमचे मंत्र. माझं काम झालं म्हणजे झालं."

त्या दिवशी दुपारी बाराला निरोप आपोआप जायचे होते. ओचोलाकडची कामाची प्रत शिळी होती, अकोथची दुरुस्ती तिच्यात नव्हती. "आधी तिचे बदल घे," असं यंत्रानं त्याला बजावलं. तो चिडला आणि 'माझंच ठेव' असा जोराचा हुकूम दिला. काळा पडदा गप्प. मी मात्र बघत होते. हिरवा ठिपका रेघेवरून सुटून एकटा बाजूला पडला होता.

बघ ना गं अकोथ! बघ ना!

आवीनोला पाजता पाजता तिनं मला उघडलं.

"ओचोला भाऊ! माझं काम उडवलंत!"

"मी कशाला उडवू?"

"हे बघा. हा ठिपका बाहेर का पडलाय?"

त्यानं वाकून बघितलं. चेहरा उतरला. "अगं… मीच केलं की हे."

"मी दवाखान्यात फोन करते, निरोप थांबवता आले तर. हिला धरा."

फोन नीट लागावा म्हणून ती गच्चीवर पळाली. ओचोलानं एका हातानं हुकूम लिहायला घेतला. अक्षर चुकलं, पुन्हा चुकलं. बाळ खाली ठेवलं तर तिनं टाहो फोडला. पुन्हा खांद्यावर घेतलं.

शेवटी आला माझ्याकडे. हिरवा ठिपका पकडून रेघेवर ओढला. मी विचारलं, "हा बदल इथे जोडू?" एरवी माणसं माझा प्रश्न वाचतच नाहीत, हो म्हणून मोकळी होतात. त्यानं एकेक शब्द वाचला. मग दाबलं.

अकोथ धापा टाकत आली. "फोन उचलत नाहीत हो!"

"राहू दे. ठिपका बसला जागेवर."

बाराला निरोप गेले. तारखा बरोबर.

ओचोला अजून काळ्या पडद्यावरच लिहितो. पण जोराचा हुकूम द्यायच्या आधी म्हणतो, "आवीनोची आई, तुमची खिडकी उघडा बघू."

माझा घोर काही संपत नाही. रोज कुठे ना कुठे रेघ फुटतेच. एवढंच मागते, मी विचारीन तेव्हा घटकाभर थांबा. वाचा. मग दाबा.