मोठ्या चाकांचे दोन पावसाळे

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. मुरबाडच्या एका गॅरेजमागे करवंदीच्या जाळीला टेकून उभी असते. वाकून पाहिलेत तर माझ्या पुढच्या मडगार्डच्या आत टायर घासल्याचे चट्टे दिसतील. ते कसे पडले ते सांगते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बुद्धभूषणने मला घरी आणले. त्यांच्या घरातली ती पहिली गाडी. त्याची बायको मेघा हिने मला झेंडूचा हार घातला आणि आई धोंडाबाई पुढच्या सीटवर बसून गावातून फिरून आली. त्या दिवसापासून मी धसई ते मुरबाड सवारी वाहू लागले. तांदळाची पोती, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, सगळे माझ्यात मावत.

धसईपलीकडे ओढ्याच्या पार एक पाडा होता. पावसाळ्यात तिथे माझे पोट दगडांना लागे आणि मी अर्ध्यातून परत फिरे. म्हणून एका उन्हाळ्यात बुद्धभूषणने मला मोठी चाके बसवली. मिस्त्रीने सांगितले होते, ब्रेक नि स्पीडचा काटा तपासून घे, चाक बदलले की दोन्ही बदलतात. बुद्धभूषण म्हणाला, पुढच्या फेरीला बघू. ती फेरी काही आली नाही.

खरे सांगते, मला तेव्हा फार बरे वाटले. दगड खालून निघून जात, चिखलात मी रुतत नव्हते. त्याच पावसाळ्यात पाड्यावरच्या नामाची बायको भागी बाळंतपणात अडली. ओढ्याला पाणी होते, तरी मी तिला पार करून मुरबाडच्या दवाखान्यात पोचवले. मुलगी झाली. नामा माझ्या चाकावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभा होता.

पण बाकीच्या गोष्टीही हळूहळू कळू लागल्या. डिझेल जास्त लागे. चढावर दम लागे. स्टिअरिंग पुरते वळवले की टायर मडगार्डला घासे. मी उंच झाल्याने धोंडाबाईला पाय वर टाकवेना. पहिल्यांदा मेघाने पाट ठेवला, मग म्हातारी एसटीनेच जाऊ लागली. बुद्धभूषण म्हणे, पायरी लावतो. तेही राहिलेच.

दुसऱ्या पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी, धसईच्या उतारावर सकुबाई पाटी घेऊन उभी होती. ती आमची रोजची सवारी. काटा कमीच वेग दाखवत होता, पण मोठे चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते. आम्ही खरे तर बरेच जोरात होतो. बुद्धभूषणने ब्रेक दाबला. मी नेहमीच्या जागी थांबले नाही. माझा बंपर तिला लागला, ती गटारात पडली आणि तिचा हात मोडला.

बुद्धभूषण दवाखान्यात जाऊन आला. परत येऊन माझ्यात बसला आणि मेघाला सांगू लागला. त्याने सकुबाईची माफी मागितली होती, पण ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली होती, "गाडी येताना दिसली रे मला. पन मी हालले नाय. तू थांबशील, मला म्हाईत व्हतं."



दुसऱ्या दिवशी त्याने मोठी चाके काढली. नामा धावत आला. आमच्या पाड्यावर आता कोण येणार, असे त्याने विचारले, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बुद्धभूषण मग म्हणाला, "चाकं लावीन, पन ब्रेक करून. तवर तुमी बोलवा, मी ओढ्यापर्यंत येईन. पुढं आपन दोघं मानूस उचलून आनू."

तो पावसाळा त्यांनी तसाच काढला. एकदा तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला झोळीत घालून दोघांनी कमरेइतक्या पाण्यातून आणले. पुढच्या वर्षी ब्रेक, काटा आणि पायरी, तिन्ही झाल्यावरच मोठी चाके पुन्हा बसली, तीही फक्त पाड्याच्या फेरीसाठी. काही वर्षांनी ओढ्यावर पूल झाला आणि मोठ्या चाकांची गरज सरली.

मित्रांनो, गाडीला काही नवे लावाल तर जरूर लावा. फक्त तिच्या बाकीच्या अंगांनाही विचारा, त्यांना ते झेपते का. कारण रस्त्याकडेला कोणीतरी तुमच्यावर विश्वास ठेवून उभे असते.

आणि हो, हात बरा झाल्यावर सकुबाई पुन्हा त्याच उतारावर पाटी घेऊन उभी राहिली. बुद्धभूषणने मला तिच्या बऱ्याच अलीकडे उभे केले, खाली उतरला आणि पाटी आणायला स्वतः चालत गेला.