दोघींची टोपली

"धापूबाईकडं दिलेली गाजरं म्हणे शाळेत जातच नाहीत. ती तर..."

विहिरीवर लताबाई एवढं बोलली आणि तिनं तोंड मिटलं. समोरून कुंदाबाई येत होती, आणि कुंदाबाईच्या डोक्यावर मी होते.

मी शाळेची टोपली बोलतेय. अर्धवट गोष्ट ऐकली की माझ्या काड्या करकरतात. वाटलं, कुंदाबाईनं थांबावं, विचारावं, "ती तर काय?" पण ती थांबली नाही. तिची मान तेवढी ताठ झाली. चुंबळीतून मला ते लगेच कळलं.

माझा जन्म नशिराबादचा, एकोणसत्तर सालचा. झुलाल बुरडानं मला विणलं. बांबू कुंदाबाईच्या बांधावरचा आणि झुलालचा शिधा धापूबाईच्या घरचा, म्हणून मी पहिल्या दिवसापासून दोघींची.

झालं असं, की शाळेतले तोताराम गुरुजी एकदा धापूबाईच्या ओट्यावर टेकले. म्हणाले, "पोरं सकाळी कोरा चहा पिऊन येतात आणि अकरा वाजता पेंगतात. काही ताजं खायला मिळालं तर बरं." कुंदाबाई तिथं लिंबं द्यायला आली होती. तिच्या मळ्यात केळी, काकड्या, गाजरं. पण मळ्यातून येऊन धुवायला-चिरायला तिला सवड कुठली? धापूबाईचं घर शाळेला लागून, परसात स्वतःची विहीर. नवरा पारसमल शेठ दिवसभर दुकानात, सुना जळगावला. धापूबाई म्हणाली, "पिकवायचं तू, धुवायचं मी." झालं, ठरलं. कागद नाही, सही नाही.

रोज सकाळी कुंदाबाई मला भरून आणायची, ओट्यावरच्या घमेल्यात रिकामी करायची आणि मळ्यात परत जायची. मी खुंटीला. थोड्या वेळानं धापूबाई चिरलेल्या फोडी माझ्यात भरायची, वर ओलं फडकं टाकायची आणि मला शाळेच्या दारात नेऊन ठेवायची. पोरं फडक्याकडं अशी बघायची की मला लाजच वाटे.

गाजरांचं मात्र वेगळं होतं. कुंदाबाईची बेबा तिसरीत. दिवस मावळला की तिला दिसायचं नाही, उंबरठ्याला अडखळायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गाजर द्या. घरी ती गाजराला तोंड लावेना, शाळेत चारचौघांत मात्र कराकरा खायची. म्हणून कुंदाबाईनं दोन वाफे वाढवले. धापूबाईचे लोक जैन, जमिनीखालचं काही खात नाहीत. पण पहिल्या हिवाळ्यात ती हसत म्हणायची, "मला कुठं खायचंय? धुवायला काय जातं!" त्या होळीला बेबा अंधारात गोवऱ्या मोजत होती.

दुसरा हिवाळा आला आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. माझ्यातून गाजरं उतरायची आणि माझ्यात पेरू चढायचे. रोज. मी खुंटीला टांगलेली, घमेलं परसात कुठं जातं ते मला काय दिसणार? गुरुजींना वाटलं, पेरू कुंदाबाईनंच धाडले. पोरं तर खूष. बेबाही घरी काही बोलली नाही. पेरू गोड लागतो, चुगली कोण करील?

आणि बेबा पुन्हा उंबरठ्याला अडखळायला लागली.

लताबाईचं बोलणं ऐकलं त्या दिवशी कुंदाबाईनं गाजरं घमेल्यात ओतली आणि ती नेहमीसारखी निघून गेली. पण कोपऱ्यावरूनच परतली. मला खुंटीवरून ओढलं, कमरेवर घेतलं आणि थेट परसात शिरली.

गाय गव्हाणीत तोंड घालून गाजरं खात होती. शेजारी धापूबाई पेरू चिरत बसलेली.

"अक्का, हे काय हाये?"

धापूबाईच्या हातातली सुरी थांबली. "चातुर्मासात महाराजसाहेबांपुढं नेम घेतला, कुंदा. कंदमुळाला हात लावायचा नाही, चिरायचं नाही, कुणाकडून चिरवून घ्यायचं नाही. पण पोरांना उपाशी नाही ठेवलं. आमच्या वाडीतले पेरू दिले. पोट भरलं त्यांचं."

"पोटाचं कोण म्हणतंय? मी डोळ्यांचं म्हणते! डॉक्टर काय म्हणे ते तुमच्याच ओट्यावर नाही का सांगितलं मी?"

"सांगितलं होतंस," धापूबाई हळूच म्हणाली.

"मग मले एक शब्द बोलायचा होता."

"बोलले असते तर तू टोपली दुसऱ्याच्या ओट्यावर नेली असतीस. घरात दिवसभर माणूस नाही, कुंदा. पोरं वाट बघतात तेवढंच..."

"बोलल्या असत्या तर गाजरं मी घरीच धुतली असती. काकड्या, केळी तुम्ही चिरली असती. एवढंच तर होतं व माय!"

कुंदाबाईनं गव्हाणीतली उरलेली गाजरं पदरात वेचली. निम्म्यांवर गायीचे दात होते. मला तिनं जमिनीवर ठेवलं आणि मागं न बघता गेली.

त्याला तीन वर्षं झाली. कुंदाबाई आता सगळं घरी धुऊन बादलीतून शाळेत नेते. बेबाला संध्याकाळी दिसतं म्हणे. बरं वाटलं ऐकून. पण मला न्यायला कुणी आलं नाही. धापूबाई मला रोज पुसते आणि पुन्हा खुंटीला लावते. भरत काही नाही. रागवायचं कुणावर? नेम तिचा, नजर बेबाची, आणि पेरू तर माझ्याच पोटातून गेले. फसवणाऱ्यांत मीही होते, हे मला खुंटीवर फार टोचतं.

लताबाई अजून विहिरीवर सांगते, "गाजरं जळगावच्या बाजारात विकली हो शेठाणीनं." ते साफ खोटं. एक गाजर विकलं नाही. शाळेत पोचली नाहीत, तेवढं मात्र खरं.

सकाळी बादली घेऊन कुंदाबाई ओट्यासमोरून जाते. धापूबाई दारात येऊन उभी राहते. बादलीची कडी वाजते आणि पुढं निघून जाते.

कुंदाबाई, बोलू नकोस तिच्याशी हवं तर. पण माझा बांबू तुझ्याच बांधावरचा आहे. तेवढा तरी उतरवून ने.