विणकरणीचा खडक

"डबा खाली घे, नोबुएताई. पुढं वळण आहे. सांडला तर बाबा उपाशी राहतील," बस चालवता चालवता एइतोकू म्हणाला.

नोबुएनं माइक तळहातानं झाकला. "तू समोर बघ. माझ्या बाबांची काळजी तुला कशाला?" असं म्हणाली खरी, पण फळीवरचा डबा काढून तिनं मांडीवर घेतला. शिजवलेलं डुकराचं मांस, समुद्रशेवाळाच्या गाठी, तळलेला टोफू, वर मोची, म्हणजे चिकट तांदळाचे चार गोळे. सगळं पहाटे उठून केलेलं.

बाहेर उसाच्या शेतांपलीकडे थडग्यांच्या अंगणांत माणसं चटया टाकून जेवत होती.

"पिकनिक आहे का हो आज?" पहिल्या सीटवरच्या बाईनं विचारलं. ती तोक्योहून आली होती.

"आज मेलेल्यांचं नवं वर्ष," नोबुए म्हणाली. "जुन्या पंचांगाच्या पहिल्या महिन्याचा सोळावा दिवस. त्यांच्यासमोर बसून दोन घास खायचे असतात."

"किती गोड!" बाई म्हणाली आणि काचेतून फोटो काढला.

नोबुए कारिमाता अठ्ठावन्न वर्षांची होती. एकतीस वर्षं ती या बेटावर सहलीच्या बसमध्ये गाईड होती. धबधबा, खारफुटी, चुनखडीची गुहा, पांढरी वाळू आणि शेवटी खडक, हा क्रम तिला झोपेतही पाठ होता. आज रजा मागितली तर नव्या साहेबानं कॅलेंडर दाखवलं. हंगाम आहे म्हणाला. म्हणून डबा घेऊन ती कामावर आली होती, कारण तिचे बाबा खडकापाशीच होते.

ती सात वर्षांची असताना बाबांची मासेमारी बोट वादळात गेली. प्रेतं सापडली नाहीत. ज्यांना थडगं नाही त्यांना जेवायला कुठं वाढायचं? बोट जिथून शेवटची दिसली त्या खडकाशी आई जाऊ लागली. दर वर्षी या दिवशी खडकाच्या पायथ्याशी ताट, उदबत्ती, पेलाभर तांदळाची दारू.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका प्रवाशानं ती जळकी उदबत्ती पाहिली. "इथं काय आहे?" आईनं बजावून ठेवलं होतं, परक्या माणसांपुढं बाबांना उभं करू नकोस. नोबुए गडबडली. तोंडाला येईल ते सांगत सुटली. एक विणकरीण होती, एक खलाशी होता, तो परतला नाही, ती वाट बघून बघून खडक झाली. बसमधल्या बायका रडल्या. संध्याकाळी साहेबांनी पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाईड तीच गोष्ट सांगू लागल्या.

बाबांना झाकायला तिनं गोष्टीची एक चादर टाकली होती, आणि लोक त्या चादरीच्याच पाया पडू लागले. पाटी लागली, 'चारशे वर्षांची दंतकथा'. मग जोडप्यांनी वाजवायची घंटा आली, कठडा आला, फाटक आलं. आईनं एकदाच विचारलं होतं, "ती विणकरीण कुठल्या गावची म्हणे?" नोबुएनं मान खाली घातली. आईनं पुन्हा विषय काढला नाही. शेवटची काही वर्षं ती बंधाऱ्यावरूनच हात जोडायची, आणि गेल्या शरद ऋतूत गेली. जाताना म्हणाली, "यंदा तू जा. लांबून नको. समोर ठेव, समोर बसून खा."

बस थांबली. वीस मिनिटं. प्रवासी उतरले तशी नोबुए डबा छातीशी धरून फाटकाकडे निघाली. कंपनीचं जाकीट घातलेल्या तरुणानं हात आडवा केला.

"फक्त जोडीनं सोडतो, आजी. आणि नंबर घ्यावा लागतो."

"माझे वडील आहेत तिथं."

त्यानं मान उंचावून पाहिलं. "कुठं? कोणी नाहीये."

जे एकतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते नोबुए रांगेसमोर बोलून गेली. "अरे, ती विणकरीण वगैरे काही नाही. ती गोष्ट मी रचलीये."

तरुण हसला. तसा वाईट नव्हता तो. "आजी, पाटीवर चारशे वर्षं लिहिलंय. तुमचं वय काय?"

रांगेतली जोडपीही हसली. नोबुएला स्वतःची इतकी चीड आली, की डबा समुद्रात फेकून द्यावा वाटलं. दुसऱ्या कुणी नाही, तिनंच आपल्या तोंडानं बापाला बेघर केलं होतं.

तेवढ्यात मागून हे ऐकत एइतोकू आला. टोपी सारखी करून तिच्या शेजारी उभा राहिला. "आमचा नंबर द्या."

"तुम्ही जोडी?"

"का, दिसत नाही? एकतीस वर्षं एकाच गाडीत आहोत. एवढा संसार तर माझ्या बायकोनंही केला नाही माझ्याशी."

बारावा नंबर मिळाला. पाऊण तासासारखी दहा मिनिटं गेली. आत शिरल्यावर तिथली फोटो काढणारी मुलगी म्हणाली, "जवळ या, घंटेची दोरी धरा, हसा!" एइतोकूनं दोरी धरली आणि त्या मुलीकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे नोबुए त्याच्याआड गेली. तिनं पायथ्याशी पान ठेवलं, मांस वाढलं, मोची ठेवली, सोबत आणलेली दारू ओतली. उदबत्तीला मनाई होती. गणवेशासकट ती खाली बसली आणि एक घास तोंडात घातला.

"बाबा, आई तिकडं पोचली का?" ती पुटपुटली. "मी चुकले हो."

"पुढची जोडी!" तरुण ओरडला. दुसरा घास राहिलाच.

बस सुटली. पहिल्या सीटवरची बाई म्हणाली, "गाईडताई, ती विणकरणीची गोष्ट सांगा ना! पाटीवर फार थोडी आहे."

एइतोकूनं आरशातून पाहिलं. "खरी सांग," तो हळूच म्हणाला. "आज सांगून टाक."

नोबुएनं माइक तोंडाशी नेला. चाळीस अनोळखी चेहरे तिच्याकडे बघत होते. परक्यांपुढं बाबांना उभं करू नकोस.

"एक होती विणकरीण," ती म्हणाली.

वळणावर मागच्या काचेतून खडक दिसत होता. जाकीटवाला तरुण खराट्यानं पायथा झाडत होता. पान, मांस, मोची, सगळं त्यानं कचऱ्याच्या पिशवीत भरलं आणि पिशवीला गाठ मारली. बाईनं डोळ्यांना रुमाल लावला होता. नोबुएनं गोष्ट मध्येच तोडली नाही.