खोक्यावरचे निळे बटण

मित्रांनो, मी एक जुने निळे बटण आहे. त्यात काय मोठेसे, असे तुम्हाला वाटेल. पण मला कोणी बटण म्हणावे म्हणून मी अर्धे आयुष्य जळत काढले आहे.

कारखान्यातून आम्ही सगळी एकाच पुड्यातून दुकानात आलो. दुकानदारकाकांनी बाकीची खोक्यात ओतली आणि मला तेवढे खोक्याच्या तोंडावर दोऱ्याने टाचले, आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळावे म्हणून. सुरुवातीला मी फुशारून गेले. गिऱ्हाईक माझ्यावर बोट ठेवी आणि म्हणे, "अशी सहा द्या." बाहेर जात मात्र आतली बटणे. कोणी शाळेच्या सदऱ्यावर, कोणी बाळाच्या स्वेटरवर. निवड माझ्याकडे बघून व्हायची आणि मिरवायला ती. माझा नुसता जळफळाट होई. त्यात काचेतून येणाऱ्या उन्हाने माझा रंगही विटला.

एके दिवशी एक मुलगी वडिलांचा कोट घेऊन आली. त्याचे खालचे बटण तुटले होते. काकांनी खोका उपडा केला.

"संपली गं. एकही नाही."

मी त्यांच्या नाकासमोर होते, मित्रांनो. फार लागले मला ते.

"हे आहे की," मुलगी म्हणाली.

"ते बटण नाही, नमुना आहे."

"नमुना बटणाचाच ना, काका? मग तेही बटणच. द्या ना, बाबा उद्यापासून नव्या कामावर जाणारेत."

"अगं, पण ते कोटावरच्यांसारखं दिसतंय तरी का?"

"ती इथूनच घेतली होती. तुम्ही तर ती ह्याच्यासारखी म्हणूनच विकलीत."

काका हसले आणि त्यांनी कात्री घेतली. "घे बाई. हे शेवटचं."

शेवटचे, म्हणजे त्यांच्यातलेच एक. तेवढ्या एका शब्दासाठी मी इतकी वर्षे झुरले होते.

आता मी कोटावर सर्वांत खाली आहे. वरची चार गडद निळी बटणे भाव खातात आणि माझ्या पोटात अजून दुखते. परवा दुकानावरून जाताना खोक्यावर नवे बटण टाचलेले दिसले. खरे सांगू? मला त्याचाही हेवा वाटला.

तेव्हा माझे एवढे ऐका. तुमच्यातल्या एखाद्याला सगळ्यांच्या पुढे उभे केलेत, तर गडी मोजताना त्यालाही मोजा. त्याच्याकडे बोट सगळेच दाखवतात, "येतोस का खेळायला?" असे मात्र कोणी विचारत नाही.