घाटातलं धृपद

बसा मायबापहो, असं जवळ सरका. घाटातून पायी येणाऱ्या एका आवाजाची गोष्ट सांगायची आहे...

रेल्वेच्या खिडकीच्या काचेवर मुंगी होती. बाहेर सगळं भरधाव मागं पळत होतं आणि ती आपली सावकाश वर चढत होती — तिच्याकडे बघता बघता द्वारकाबाईंच्या ओठांत हरिपाठ सुरू झाला.

समोर बसलेली सून, सोनाली, सांगत होती की बार्शी सोडली न सोडली तोच येडशी येते, पूर्वीसारखं दिवस घालवणं नाही. द्वारकाबाई मान हलवत होत्या, पण मनात ती जुनी अरुंद रुळांची धाकटी गाडी — रामलिंगच्या घाटात धापा टाकणारी, इतकी मंद की माणसं खुशाल उतरून बरोबर चालायची. त्यांचे मालक, बलभीम, तर हटकून उतरायचे. खिडकीतून द्वारकाबाईंनी चरण म्हणायचा, खाली चालता चालता मालकांनी आपल्या बसक्या, रेंगाळत्या आवाजात धृपद धरायचं. घाटभर असा हरिपाठ... त्या घाईला आल्या की खालून टोमणा यायचा, "आगं, तू इंजनाच्या म्होरं निघालीस. म्या कुणामागं म्हणू?"

मालक गेले, आणि मग हळूहळू त्यांचा आवाजही विरत गेला. चेहरा फोटोत राहिला, आवाज कुठं ठेवायचा? म्हणून तर आज एस.टी. सोडून रेल्वेचा हट्ट — घाटात तरी ऐकू येईल.

चरण संपला. सवयीनं त्यांनी धृपदापुरती जागा सोडली... तेवढ्यात झाडं, कातळ, कठड्यावरची वानरं, सगळं मागं सांडलं. पुन्हा चरण, पुन्हा जागा — रिकामीच. माणूस पायी, गाडी अशी. कसा गाठणार तो? पांडुरंगा, आपणच त्याला टाकून निघालो की काय...

"आत्याबाई, म्हणता म्हणता गप का होताय?"

"तुजं सासरं चालत यायलेत, बाई."

सोनाली हसली नाही. तिनं नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढच्या चरणानंतर द्वारकाबाईंनी जागा सोडलीच नाही, धृपद स्वतःच धरलं — आणि निघाला तो बसका, तालाच्या किंचित मागं रेंगाळणारा सूर. त्यांचा गळा असा कधीच नव्हता. मग हा... गाडी तशीच पळत होती, भीतीही होती तिथंच होती, पण आता तिच्या जोडीला तो सूर होता. येडशी आली म्हणून सोनाली पिशव्या उचलत होती, आणि द्वारकाबाईंना कळेना, आपण उतरायचं की मागून चालत येणाऱ्याला चढू द्यायचं.

मायबापहो, सांजेला हरिपाठ म्हणताना एखादं धृपद बलभीमांच्या नावानं जरा सावकाश म्हणा.