शिकंजा आणि शिल्पाताईचं शिकणं

मी एक जुना शिकंजा आहे, आणि मला एका जागी उभं राहायचा भयंकर कंटाळा येतो! हसू नका, मित्रांनो. शिकंजा म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यांचं लोखंडी यंत्र. खाली जाड पाट, वर जाड पाट, मध्ये आट्यांचा उभा दांडा आणि डोक्यावर फिरवायचं चाक. नवी बांधलेली पुस्तकं दोन पाटांमध्ये ठेवायची, चाक आवळायचं आणि खळ वाळेपर्यंत सोडायचं नाही. म्हणजे माझं कामच मुळी गप्प धरून बसण्याचं. आणि स्वभाव? तो असा, की खळ ओली असतानाच मनात सुरू व्हायचं: वाळली असेल का? बघावं का जरा?

माझा जन्म धुळ्याचा. तिथल्या एका लहानशा कारखान्यात मला ओतलं, कानशीनं घासलं, हिरवा रंग दिला आणि एसटीच्या टपावर बांधून धरणगाव तालुक्यातल्या या गावी पाठवलं. काय मजा होती म्हणून सांगू! पारोळा गेलं, एरंडोल गेलं, कापसानं भरलेल्या गाड्या मागे पडत गेल्या आणि मी टपावरून सगळं बघत होतो. माझ्या आयुष्यातला प्रवास तेवढाच. त्यानंतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत जो उभा केला, तो आजतागायत उभा आहे.

पण सुरुवातीची वर्षं छान होती बरं का. दरवर्षी दिवाळीच्या आधी हिलालनाना यायचे. ते पुस्तकं बांधायचे. मैद्याची खळ शिजवायचे, किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे आणि फाटक्या पुस्तकांचा ढीग बघून मला विचारायचे, "भूक लागनी का रे तुले?" मग एकेक पुस्तक माझ्या तोंडात! बाहेर निघालेली पुस्तकं अशी ताठ असायची, की जणू शाळेच्या पहिल्या दिवसाला निघाली आहेत. लोक म्हणायचे, "शिकंजा मस्त आहे हं!" मी लोखंडाचा असूनही फुगायचो.

पुढे नानांना दिसेनासं झालं आणि ते भुसावळला लेकीकडे राहायला गेले. त्यांच्याकडून कुणी काही शिकून घेतलं नव्हतं. शिकून घ्या असं कुणी कुणाला म्हटलंही नव्हतं. मग माझ्यावर आधी प्लास्टिकची फुलं आली, त्यानंतर रद्दीचे गठ्ठे, आणि शेवटी तर माझ्या चाकाला लोक ओल्या छत्र्या अडकवायला लागले. छत्र्या! सांगा, राग नाही येणार?

अशात शिल्पाताई कामाला आली. आमच्या वाचनालयातली ती एकुलती एक कर्मचारी. कुलूप उघडायचं, झाडायचं, पेपर मांडायचे, पुस्तकं द्यायची, न परतवणाऱ्यांच्या घरी जायचं, सगळं तीच करते. कामावर घेताना तिला एकच गोष्ट शिकवली होती: शिक्का कुठे मारायचा. बाकीचं तिनं बघून बघून उचललं. तिनं माझ्यावरचा गंज घासला, शिलाई मशीनचं तेल माझ्या आट्यांत सोडलं आणि चाक फिरलं! मी इतका खूश झालो, की करकरलोच. एक फाटकं पुस्तक तिनं माझ्या पाटांपर्यंत आणलं, थांबली आणि परत नेलं. "नको, चुकलं तर?" स्वतःशीच म्हणाली. पुढच्या महिन्यात पुन्हा आणलं, पुन्हा नेलं. मित्रांनो, भुकेल्यासमोर ताट आणून परत नेल्यावर कसं वाटतं? अगदी तसं!

आता आमच्या निर्मलभाऊंबद्दल सांगतो. निर्मलकुमार हे वाचनालयाचे सचिव. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे; त्यांचे पणजोबा मारवाडातून इथे आले. त्यांचे वडील, म्हणजे बाबूजी, मोठे हौशी होते. त्यांनी या वाचनालयात हस्तलिखिताचे दोन अंक काढले होते. पहिल्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले लेख होते. दुसऱ्यात त्यांनी स्वतः रंगवलेली चित्रं: जिनिंगसमोर उभ्या कापसाच्या गाड्या, बाजाराचा दिवस, पाणी पिणारे बैल. छापलेली प्रत नाही, दुसरी नक्कल नाही. जगात तेवढेच दोन.

निर्मलभाऊंचा बाबूजींवर फार जीव. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्या अंकाचं पान न् पान जळगावहून लॅमिनेशन करून आणलं. आमच्या गावात जे जे जपायचं ते प्लास्टिकमध्ये घालतात. रेशनकार्ड, मार्कशीट, देवाचा फोटो, सगळं! तेव्हा एखाद्या कागदाचा याहून मोठा मान कोणता? अंक चकाकत आला, काचेच्या कपाटात बसला, टाळ्या झाल्या.

आणि या मार्चमध्ये शिल्पाताईनं मोबाइलवर एक बातमी वाचली. मी शेजारच्याच खोलीत, दार उघडं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"भाऊ, धुळ्याला वर्ग आहे," ती निर्मलभाऊंना म्हणाली. "वाचनालयात आणि संग्रहालयात काम करणाऱ्यांसाठी. जुने कागद, जुन्या वस्तू कशा सांभाळायच्या ते शिकवणार आहेत. आठवडाभर. जाऊ का?"

निर्मलभाऊ हसले. "अगं, एवढी वर्षं सांभाळतेसच की. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. त्यात काय शिकायचं राहिलं?"

"जे मला माहीत नाही, ते राहिलं."

"आणि आठवडाभर कुलूप लावू? सकाळी सातला आबा मंडळी पायरीवर हजर असतात. पेपर मिळाला नाही तर माझ्या दुकानात येऊन बसतील!"

बाकावरून अभिमन आबांनी पेपर खाली केला. आमचे सगळ्यात जुने वाचक. "येसूत! चहा बी पिसूत!"

सगळे हसले, आणि तिचं विचारणं त्या हसण्यातच विरून गेलं. मला तर पाट आपटावेसे वाटले!

"बरं, ऐक," निर्मलभाऊ म्हणाले. "सोमवारी मी जळगावला चाललोय. बाबूजींचा दुसरा अंक काढून ठेव. वर्धापनदिनाच्या आत त्याचंही लॅमिनेशन करून आणतो."

ताई चटकन म्हणाली, "भाऊ, तो नका नेऊ."

"का?"

"मला वाटतं... नको."

"तेच विचारतोय, का नको?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग झालं तर!" म्हणत भाऊ निघून गेले.

ताईला आतून ठाम वाटत होतं, पण त्या वाटण्याला कारण जोडता येत नव्हतं. आणि कारणाशिवाय कोण ऐकतं? शनिवार गेला, रविवार गेला. माझा जीव नुसता खालीवर. चित्रं लॅमिनेशनच्या गरम यंत्रात एकदा गेली की गेलीच!

सोमवारी निर्मलभाऊ दुकानाची कापडी पिशवी घेऊन आले. ताईनं दुसरा अंक काढला नाही. तिनं काचेच्या कपाटातून पहिला काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हा एकदा उघडून बघा, भाऊ. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

कपाटात ठेवल्यापासून त्यांनी तो उघडलाच नव्हता. मधले दोन उन्हाळे तो तिथेच होता, पत्र्याखाली. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! प्लास्टिक पापडासारखं वळलं होतं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. सोडवताना चर्रकन आवाज आला. आत फुगे धरले होते, आणि फुग्यांखाली बाबूजींची शाई पसरून तपकिरी झाली होती.

भाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि डाग पुसायला लागले. घासत राहिले.

"हे जात का नाही?"

"डाग आतून आहे, भाऊ."

"मग प्लास्टिक काढ ना!"

"काढताना अक्षरंही निघून आली तर? मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही, भाऊ. म्हणून तर जायचंय."

मग आबा उठले. "निर्मल, तू पोरीले शिक्का मारानं शिकाडं. आते पुढलं शिकू दे ना! चावी मन्हाकडे दे. आम्ही बठ्ठा उघाडसूत."

"उघडाल हो आबा, पण बंद कोण करणार? तुम्ही जेवायलाही घरी जात नाही!" भाऊ म्हणाले. त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "जा तू, शिल्पा. दुसऱ्या अंकाला तू येईपर्यंत कुणी हात लावणार नाही. मीही नाही."

ताई धुळ्याला गेली आणि तो आठवडा, अरे देवा! पेपर एकमेकांत मिसळले. पुस्तकं भलत्याच कपाटात गेली. निर्मलभाऊ स्वतः टेबलावर बसले, आणि एका आजींनी कादंबरी मागितली तर सवयीनं म्हणाले, "कोणत्या भावातली दाखवू?" आबा बाकावरून ओरडले, "मीटरवर मोजी दे!" सगळे पोट धरून हसत होते, माझी मात्र घालमेल चालली होती. तिकडे धुळ्यात नवीनच यंत्रं असतील. ताई येऊन म्हणेल, हा शिकंजा आता भंगारात द्या. म्हणेल का? नाही म्हणणार. पण म्हणाली तर?

शेवटी ती आली! एसटीतून उतरून थेट वाचनालयात, खांद्यावर पिशवी तशीच, आणि बोलणं तर थांबतच नव्हतं. वर्गात तिच्याशेजारी एका संग्रहालयातले मगनदादा बसायचे. ते इतकी वर्षं दगडी मूर्ती ओल्या फडक्यानं पुसत होते, आणि ओल नेमकी कुठे मुरते ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. "रडवेले झाले होते हो भाऊ! मी म्हटलं, दादा, आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं ना."

मग तिनं निर्मलभाऊंना खुर्चीवर बसवलं. "आता विचारा, का नको."

"का नको?" भाऊंनी शहाण्या मुलासारखं विचारलं.

"यंत्राची उष्णता कागदाला सोसत नाही. प्लास्टिकचा गोंद कागदात मुरतो, तो पुन्हा निघत नाही. जुन्या कागदाला असं काहीही करायचं नाही, जे उद्या आपल्यापेक्षा जास्त कळणाऱ्याला सोडवता येणार नाही."

तिनं दुसरा अंक काढला. मऊ ब्रशनं धूळ झटकली. बैलांच्या चित्राचा कोपरा फाटला होता. त्याला मागून पातळ कागद आणि पातळ खळ लावली.

"मोरचूद नाही घातलास?" भाऊंनी विचारलं.

"नाही. तोही कागदाला खातो म्हणे."

आणि मग ते चित्र घेऊन ती माझ्याकडे आली. या वेळी थांबली नाही! चित्राच्या खालीवर कोरे कागद, त्यावर पुठ्ठे, आणि चाक फिरलं. मी जोर लावायला तयारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "हळू. आवळायचं नाही, नुसतं टेकवायचं." मी? नुसतं टेकायचं? जन्मभर मला वाटत होतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. पण मी टेकलो. अगदी हलकेच.

मग भाऊंनी हळूच विचारलं, "आणि पहिला अंक?"

"तो मला येत नाही, भाऊ. आठवड्यात तिथवर पोचलोच नाही. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, काही पानं सुटतील, काही नाही सुटणार. त्याचा वर्ग वेगळा असतो. पावसाळ्यानंतर. महिनाभराचा."

महिनाभर! मला वाटलं, आता भाऊ हसतील. पण ते म्हणाले, "नाव दे."

तर मित्रांनो, पुस्तकांची पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरंच सांगणार आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात, संग्रहालयात जी ताई किंवा जो दादा असेल, त्यांना एकदा विचारा: तुम्हाला अजून काय शिकायचंय? आणि ते शिकायला गेले, दोन दिवस दार बंद दिसलं, तर कुरकुर करू नका. जाणाऱ्याला लवकर जाऊ द्या. कारण ताईचा वर्ग पावसाळ्यानंतर आहे, बाबूजींची अक्षरं अजून त्या प्लास्टिकच्या आत आहेत, आणि मध्ये पत्र्याखालचा अख्खा मे महिना पडला आहे.