जमिनीखालची नाळ

मित्रांनो, मी मोनास्त्रेल जातीची एक जुनी द्राक्षवेल आहे. मांडवावर चढलेली वेल मात्र डोळ्यांसमोर आणू नका. स्पेनमध्ये, हुमियाच्या दगडगोट्यांच्या माळावर, गुडघाभर पिळदार खोड घेऊन मी नव्वद वर्षं कशाच्याही आधाराशिवाय उभी आहे.

माझी द्राक्षं बारीक, जाड सालीची, काळीभोर. इतरांचा तोडा उरकला तरी माझी आपली उन्हातच. त्यांची वाइन इतकी दाट, की पिणाऱ्याची जीभ जांभळी होते. पूर्वी ती टँकरने दूर जायची, कुणाच्या तरी फिक्या वाइनला रंग द्यायला. नाव त्यांचं, रंग माझा! आता ती हुमियाच्या नावाने बाटलीत भरतात. पण अजूनही ती साध्या माणसांचीच, सशाच्या रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीसोबतची.

माझे मालक हिनेस. पाच वर्षांपूर्वी शेजारची वेल मेली, तेव्हा त्यांनी माझी एक लांब फांदी वाकवली, चरात पुरली आणि तिचा शेंडा त्या रिकाम्या जागी वर काढला. याला दाब कलम म्हणतात. मला वाटलं, जिवंतच पुरताहेत! पण वसंतात शेंड्याला पालवी फुटली. ती माझी लेक. जमिनीखालच्या त्या फांदीतून मी तिला पाणी पाजू लागले.

दोन-तीन वर्षांनी ही नाळ कापायची, असा इथला रिवाज. हिवाळ्यात हिनेसची कात्री वाजली, की माझ्या अंगावर काटा यायचा. "असू दे, अजून अंगावर पितेय," असं म्हणून ते पुढे जात, आणि माझा जीव भांड्यात पडे.

मग मुळांचा रस शोषणारी कीड, मावा, आली. माझ्या ओळीतल्या वेली एकेक करून वाळल्या. माझीही मुळं कुजली. तरी मी हिरवीच! असं कसं? कळलं तेव्हा मी हादरले. नाळेतलं पाणी उलटं वाहत होतं. लेकीची मुळं वाळूच्या पट्ट्यात होती. वाळूत मावा पसरत नाही. आता ती मला पाजत होती. मी माझ्याच लेकीला पीत होते, आणि मला थांबता येत नव्हतं. तहान काही आईचं ऐकत नाही.

त्या उन्हाळ्यात हिनेस आपल्या मुलीला, रेमेदियोसला, घेऊन आले.

"बघ रेमे, म्हातारी कशी तरारलीये! माझ्यासारखी चिवट."

"हट्टी म्हणा. पण बाबा, ही धाकटी का पिवळी पडली?"

"लाडावलीये नुसती. हिवाळ्यात उपटून टाकू. उगाच म्हातारीला भार."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तोडा झाला, पानं गळली. ज्या कात्रीला मी भ्यायचे, तिचीच मी वाट बघू लागले. आली ती कुदळ.

"थांबा हो बाबा! आधी मुळं तरी बघू," म्हणत रेमेदियोस लेकीपाशी फतकल मारून बसली. तिने हातांनी वाळू उकरली. मुळं पांढरी, टणक. मग ती माझ्याकडे वळली. माझं मूळ तिच्या बोटांत भुगा झालं.

"बाबा, म्हातारी पोरीच्या जिवावर जगतेय."

हिनेसनी माझ्या खोडावर हात ठेवला. "माझ्या आजोबांनी लावलीये गं ती."

"आणि ही? हिला तुम्हीच रुजवलंत ना?"

त्यांनी खिशातून कात्री काढली. ती रेमेदियोसपुढे धरली. "तूच काप, रेमे. माझ्याच्याने नाही व्हायचं."

कट्‌कन आवाज झाला. बस, एवढंच.

आता वसंत आहे. माझ्या फांदीवरचा कोंबाचा एक डोळा फुगला आणि तिथेच थांबला. पलीकडे लेकीला तीन कोंब आलेत. पहाटे हिव पडलं, की मला अजून धडकी भरते. आता तिला पाजायला नाळ नाही.

मित्रांनो, पुढच्या हिवाळ्यात माझं खोड चुलीत जाईल, जाऊ दे. पण एखादं रोप पिवळं दिसलं, तर कुदळ उचलण्याआधी क्षणभर त्याच्या मुळाशी बसा. रेमेदियोस बसली होती, तसं.